पिसवेचे कूळ विचारावे



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपली जुनी माणसे सांगत आली. ते ठीकच आहे. पण किडीचे कूळ मात्र जरूर विचारावे. ते न विचारता औषधाची पुडी सोडली की काय होते, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. चूक माझीच होती, म्हणून आज ती तुमच्यापुढे मांडतो.

नोकरीला लागून मला दोन-तीन वर्षे झाली होती. माझ्या हद्दीतल्या एका वस्तीवर एक मावशी राहत. नवरा वारलेला, दीड एकर कोरडवाहू आणि चार शेळ्या. त्या शेळ्यांवरच घर चाले. एके दिवशी मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "साहेब, करडं वाळत चाललीत बघा. अंगावर पिसवा मावंनात." जाऊन पाहिले. करडांच्या पापण्या उलटून बघितल्या, तर आतून पांढऱ्याफटक. पिसवांनी रक्त शोषून शोषून पिल्ले अशक्त केली होती. जनावरांचा दवाखाना लांब. मी शेतीचा पदवीधर. विचारले मला, म्हणून उत्तरही मीच दिले. गोचिडांसाठी वापरतात ती पावडर अंगावर चोळा, म्हटले.

मावशींनी चोळली. चार दिवस बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा तेवढ्याच. चारपैकी दोन करडे दगावली. मावशी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, औषध तुम्ही शेळीला दिलंत. पण ही पिसू जमिनीतून उगवती."

मी मनातल्या मनात हसलो. पिसू का कुठे जमिनीतून उगवते? पुढे नीट वाचले तेव्हा कळले, की माझ्या पदवीपेक्षा मावशींचे निरीक्षण खरे होते. ते कसे, हे समजायला पिसवेच्या कुळापर्यंत जावे लागते. आणि हे कूळ शास्त्रज्ञांनी अलीकडे कसे हुडकून काढले, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

तीन पाहुणे, तीन कुळे

आपल्या गोठ्यात रक्त पिणारे तीन पाहुणे नेहमी दिसतात. गोचीड, ऊ आणि पिसू. आपण तिघांना एकाच माळेचे मणी समजतो. प्रत्यक्षात त्यांचे गोत्र वेगवेगळे आहे.

गोचीड हा कीटकच नव्हे. वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात. तो कोळ्याचा आणि विंचवाचा भाऊबंद. ऊ ही कीटक खरी, पण तिचे नातेवाईक म्हणजे जुन्या वह्या-पोथ्यांत पळणारे ते बारीक पांढुरके किडे. उवेचा सारा संसार जनावराच्या अंगावरच. केसाला लिख चिकटवते, त्यातून आईसारखेच दिसणारे पिल्लू निघते आणि तेही तिथेच रक्त पिऊ लागते. म्हणून अंगावर औषध लावले की उवांचा बराचसा बंदोबस्त होतो.

पिसवेचे तसे नाही. पिसवेचा जन्म चार पायऱ्यांचा आहे. अंडे, अळी, कोष आणि मग पिसू. फुलपाखराचा आणि माशीचा असतो, अगदी तसा. मादी जनावराच्या अंगावर रोज वीस-तीस अंडी सहज घालते, पण ती अंडी चिकटत नाहीत. मोहरीसारखी घरंगळून खाली पडतात. गोठ्याच्या धुळीत त्यातून बिनपायाची अळी निघते. ही अळी रक्त शोषत नाही. वरून पडणारी मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा, म्हणजे वाळके रक्तच, ती खाते. मग रेशमासारखा धागा काढून कोष विणते. त्या कोषाला धूळमाती चिकटते आणि तो मातीच्या कणासारखाच दिसू लागतो. उबदार, दमट हवेत हा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. हवा प्रतिकूल असली तर पिसू कोषात महिनोन् महिने दडून राहते. जनावराच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासाची हवा जाणवली की टुणकन बाहेर.

म्हणजे मावशींची पिसू खरोखरच जमिनीतून येत होती. मी औषध दिले ते अंगावरच्या मूठभर पिसवांना. खरी फौज पायाखाली होती.

पंख हरवले, ओळख हरवली

आता तुम्ही म्हणाल, पिसू जर फुलपाखरासारखी कोषातून निघते, तर तिचे पंख कुठे गेले? हाच प्रश्न शास्त्रज्ञांना दीडशे-दोनशे वर्षे छळत होता.

परोपजीवी प्राण्याचे शरीर त्याच्या धंद्याप्रमाणे बदलत जाते. केसांच्या दाटीतून सरकायचे, तर पंख अडचणच. ते गेले. अंग दोन्ही बाजूंनी चपटे झाले. मागचे पाय उडीसाठी लांब झाले. इतके सगळे बदलल्यावर चेहऱ्यावरून नाते ओळखणार कसे? जन्मापासून परगावी वाढलेल्या माणसाचे गाव त्याच्या बोलण्यावरून ओळखावे, तसेच हे अवघड. कोणी अळी पाहून म्हणे, ही माशीची बहीण. कोणी दुसरेच नाते जोडी.

एक खूण मात्र शिल्लक होती. उडणाऱ्या कीटकांच्या पंखांच्या बिजागरीत रबरासारखा लवचिक पदार्थ असतो. त्याला रेझिलिन म्हणतात. पिसवेच्या छातीतही मागच्या पायांच्या वर हाच पदार्थ असतो. पिसू तो दाबून धरते आणि एकदम सोडते. गलोलीतून खडा सुटावा तशी ती सुटते. पंख गेले, पण बिजागरीचा माल उडीच्या कामी आला. यावरून पिसवेचे पूर्वज पंखवाले होते हे कळले. पण ते कोण, हे कळत नव्हते.

सातबाऱ्याच्या नकलेचा दाखला

इथे कामाला आले ते डी.एन.ए. हा शब्द तुमच्या कानांवरून गेला असेल. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक अतिसूक्ष्म धागा असतो आणि त्यावर त्या जिवाची सगळी घडण लिहिलेली असते. लिपी चारच अक्षरांची. ए, टी, जी आणि सी. आईबापांकडून पिल्लाला जाताना या मजकुराची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरत जाते.

चुकांवरून नाते कसे कळते? आपल्या ओळखीचा दाखला घेऊ. आता सातबारा संगणकावर निघतो, पण हाताने नक्कल लिहिण्याचे दिवस आठवा. समजा मूळ कागदावर होते, "बाभळी १, विहीर १, आंबे ४." एकाने नक्कल करताना बाभळी १ च्या जागी ९ लिहिले. त्याच्या कागदावरून ज्यांनी ज्यांनी नक्कल केली, त्या सगळ्यांकडे बाभळी ९ झाल्या. त्यातल्याच एकाने पुढे विहीर गाळली. मग त्याच्यावरून उतरलेल्या कागदांत बाभळीही ९ आणि विहीरही गायब.

आता हे सारे कागद कोणी तुमच्यापुढे ओतले, तर तुम्ही चटकन सांगाल. बाभळी ९ वाले सगळे एका घराण्याचे, आणि त्यांतले विना-विहिरीचे एकमेकांचे अधिक जवळचे. कोणी कोणाची नक्कल केली हे न पाहताही तुम्ही वंशावळ मांडलीत. मूळ मजकूर कोणता होता हे ठरवायला लांबच्या भाऊबंदाचा कागद शेजारी ठेवायचा. शास्त्रज्ञ हेच करतात. पिसू मद्यार्कात बुडवून ठेवतात, तिच्यातून डी.एन.ए. वेगळे काढतात, वरची टणक कात ओळखीसाठी काचेवर जपून ठेवतात आणि वेगवेगळ्या जातींचा तोच मजकूर ओळीखाली ओळ मांडून संगणकाकडून ताडून घेतात.

यात एक धोका आहे. १ चे ९ दोन वेगळ्या माणसांच्या हातूनही आपापले होऊ शकते. मग नाते नसताना नाते दिसते. म्हणून एका ओळीवरून निवाडा करू नये. जितका मजकूर जास्त, तितका निवाडा पक्का.

विंचूमाशीच्या घरातली लेक

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मायकेल व्हाइटिंग यांनी २००२ साली असा ताळा प्रसिद्ध केला. त्यातून पिसवेचे सोयरे निघाले ते 'स्कॉर्पियन फ्लाय' नावाच्या कीटकांच्या घराण्यातले. आपण त्यांना विंचूमाशी म्हणू. यांतल्या काही जातींच्या नराचे शेपूट विंचवाच्या नांगीसारखे वर वळलेले असते, पण ते डंख मारत नाही. व्हाइटिंग यांच्या मते या घराण्यात पिसवेला सर्वांत जवळची शाखा म्हणजे थंड मुलखात बर्फावर वावरणारे, पंख खुरटलेले आणि उड्या मारणारे बारीक कीटक.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २००२ च्या कामात मोजकीच जनुके वाचली होती. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचे एरिक तिहेल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४०० हून अधिक जनुकांचा मजकूर ताडून पाहिला. त्यांचे म्हणणे असे, की पिसू ही विंचूमाशीची नुसती सोयरी नव्हे, त्या घरातलीच लेक आहे. आणि तिची सर्वांत जवळची शाखा बर्फावरची नव्हे, तर पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिलीकडे आढळणारी. गंमत पाहा, त्या शाखेतले मोठे कीटक फुलांतला मध चाखून राहतात. एका घरच्या दोन लेकी. एक मधावर जगते, दुसरी रक्तावर.

हा निकाल सर्व शास्त्रज्ञांनी अजून मान्य केलेला नाही. वाद चालू आहे. पण माशीशी, फुलपाखराशी नाते सांगणाऱ्या चार पायऱ्यांच्या मोठ्या गोतात पिसू बसते आणि विंचूमाशीचे घर तिला सर्वांत जवळचे, याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही.

आधी कोणाचे रक्त?

जगात पिसवांच्या सुमारे अडीच हजार जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या शंभरांतल्या सुमारे ९४ सस्तन प्राण्यांवर जगतात, विशेषतः उंदीर-घुशींच्या जातीवर. उरलेल्या पक्ष्यांवर. व्हाइटिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली जगभरच्या १२८ पिसवांची चार जनुके वाचून वंशवृक्ष मांडला. त्यावरून असे दिसते, की पिसवांनी आधी सस्तन प्राणी धरले. पक्ष्यांकडे त्या नंतर गेल्या, आणि तेही एकदाच नव्हे, वेगवेगळ्या शाखांनी वेगवेगळ्या वेळी.

आपल्या कुत्र्या-मांजरांवर जी पिसू जगभर आढळते, तिचे नाव मांजराची पिसू. नाव मांजराचे, पण कुत्र्यावर हीच जास्त. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी देशोदेशींच्या अशा पिसवा जमवून आईकडून लेकराकडे उतरणारे डी.एन.ए. वाचले. २०१९ साली त्यांनी सांगितले, की हिचे माहेर आफ्रिका आणि ती जगभर पसरली ती माणसाच्या संगतीने. आपणच पाळीव जनावरांबरोबर तिला वाहून नेले.

भारतापासून आग्नेय आशियापर्यंत हिची एक जवळची बहीण आहे. कुत्री, शेळ्या, वासरे यांच्यावर ती सापडते. पूर्वी हिला मांजराच्या पिसवेचीच पोटजात समजत. डोक्याच्या आकारात आणि मागच्या पायांवरच्या केसांच्या मांडणीत थोडा फरक, एवढेच. डी.एन.ए. वाचल्यावर दिसले, की ही वेगळी जात आहे. आपल्यासाठी यातला बोध सोपा आहे. कुत्र्याची पिसू वेगळी आणि शेळीची वेगळी, असे काही नाही. गोठ्याच्या दाराशी झोपणारा कुत्रा आणि आतली शेळी यांची पिसू एकच असू शकते. एकाला औषध देऊन दुसऱ्याला सोडले, तर काम निम्मेच झाले.

कूळ चुकले की जिवावर बेतते

"साहेब, हे सगळं ठीक. पण पिसवेची आजी कोण हे कळून आमच्या पदरात काय?" असे कोणी विचारील. त्याला उत्तर प्लेगच्या इतिहासात आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुणे व खेडोपाडी पसरला. आपल्या पणजोबांनी गावे सोडून रानात झोपड्या घातल्या, त्या याच रोगाने. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले, की रोग उंदरावरून पिसवेमार्फत जातो. प्रथम अनेकांना ते पटले नाही. पटले तेव्हाही हिंदुस्थानातल्या उंदरावरची पिसू ही सगळी एकच, अशी समजूत होती.

मग प्रश्न पडला. उंदीर सगळीकडे, पिसवा सगळीकडे, तरी मद्रासकडच्या पुष्कळ भागांत प्लेग का जोर धरीत नाही? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोलंबोचे डॉ. हर्स्ट यांनी पिसवा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिल्या. दिसायला सारख्या, पण जाती निराळ्या. एक चिऑपिस, एक अ‍ॅस्टिया. अ‍ॅस्टिया प्लेग पसरवण्यात कमजोर. चिऑपिस भलतीच तरबेज. १९१४ साली बॅकट आणि मार्टिन यांनी याचे कारणही शोधले. प्लेगचे जंतू पिसवेच्या घशाशी वाढून वाट बुजवतात. रक्त पोटात उतरत नाही. उपाशी पिसू चावत सुटते आणि दर चाव्याला जंतू ओकते. चिऑपिसची वाट लवकर बुजते. सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोघींत एवढा फरक. आज अशी ओळख डी.एन.ए. वरून पटवता येते. पिसू अर्धवट चिरडलेली असो की नुसती अळी हाती लागो, मजकूर तोच असतो.

ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. त्याआधी तिथे उंदीर मरून पडू लागले होते आणि पिसवांचा उपद्रव वाढला होता. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, असे त्या वेळी जाणकारांनी म्हटले. धान्याचे पोते, उंदीर आणि पिसू अशी ही साखळी आहे.

आपण काय करावे?

पिसवेचे कूळ ध्यानात ठेवले की उपाय आपोआप सुचतात.

गोठ्याची जमीन आधी साफ करा. कोपऱ्यांतली धूळ, जुने गवत, लेंड्यांचा थर खरवडून काढा आणि दूर खड्ड्यात टाका. भेगा लिंपून घ्या. जमीन कोरडी ठेवा, ऊन आत येऊ द्या, चुना मारा.

औषध जनावराला, कुत्र्याला आणि जमिनीला एकाच दिवशी करा. कोषातल्या पिसवांना औषध फारसे लागत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी फेरी पुन्हा करा. मी चुकलो तो इथेच.

औषध पशुवैद्यकांना विचारूनच आणा. कपाशीवर फवारायचे औषध जनावराच्या अंगावर कदापि नको. करडू, वासरू दगावेल. मांजराला कुत्र्याचे औषध लावू नका.

पापण्या फिकट दिसणारी करडे वेगळी काढा आणि दवाखान्यात दाखवा. नुसत्या पिसवा मारून गेलेले रक्त भरून येत नाही.

घरात उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर हाताने उचलू नका आणि लगेच विषाची गोळीही टाकू नका. उंदीर मेला की पिसू त्याचे थंड अंग सोडते आणि माणसाकडे वळते. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, हा क्रम पाळावा लागतो.

त्या मावशींकडे मी पुन्हा गेलो होतो. सोबत फावडे आणि चुन्याची पिशवी नेली. दोघांनी मिळून गोठ्याची वीतभर माती उकरून बाहेर काढली. तीन आठवड्यांनी पुन्हा औषध केले. उरलेली दोन करडे जगली. त्यांतल्या एकीने पुढे जुळी दिली, तेव्हा मावशींनी मुद्दाम निरोप धाडला होता.

गेलेली दोन मात्र परत आली नाहीत. म्हणून सांगतो, गोठ्यात कीड दिसली की औषधाचे नाव विचारण्याआधी तिचे कूळ विचारा. आणि घरातली शेळी राखणारी बाई काही सांगत असेल, तर आधी तिचे ऐका.

राम राम.